दारूशिवायही माणसं भेटतील असं शहर कसं ओळखावं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. पुढच्या काही महिन्यांत मला शहर बदलायचं आहे, आणि या वेळी कुठे जायचं हे पहिल्यांदाच माझ्या हातात आहे. तांत्रिक पुस्तिकांचं संपादन करते. लॅपटॉप आणि शांत खोली असली की हे काम कुठूनही होतं, कंपनीचीही हरकत नाही. वय छत्तीस, एकटी राहते, दारू पीत नाही. चव कधी आवडलीच नाही, एवढंच कारण. पिणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

सध्या राहते तिथे काम संपल्यावर माणसं भेटतात ती बारमध्येच. मीही जाते, सोडा घेऊन बसते. पहिला तास खरंच छान जातो. मग आवाज चढतात, तोच किस्सा दुसऱ्यांदा सुरू होतो, आणि माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागतं. पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. रात्री एखादा सहकारी आईच्या आजारपणाबद्दल अगदी पोटातलं बोलतो, आणि दोन दिवसांनी मी आईची तब्येत विचारली की गोंधळून बघतो, कारण आपण काय बोललो ते त्याला आठवत नसतं. मला वाटत असतं की आम्ही जरा जवळ आलो. प्रत्यक्षात आम्ही होतो तिथेच असतो.

मनात तीन शहरं आहेत: हेलसिंकी, बर्लिन आणि बोगोटा. पहिली दोन कामाच्या वेळांमुळे सोयीची. बोगोटा यासाठी की थोडी स्पॅनिश येते. ‘राहायला सर्वोत्तम शहरां’च्या याद्या वाचून झाल्या. त्यांत रुग्णालयं, बससेवा, हवा यांना गुण असतात. पण नवख्या माणसाला संध्याकाळी बोलायला कोणी मिळेल का, हे त्यांतून कळत नाही. ‘नाइटलाइफ’ शोधलं की बार आणि क्लब यांचीच यादी येते.

तर विचारायचं आहे ते असं: लांबून, तिथे न राहता, हे ओळखायचं कसं? नेमकं काय शोधायचं? शिवणकाम येतं, चालायला आवडतं, लहानपणी गाणं शिकले होते. त्यामुळे ‘छंद जोपासा’ हा सल्ला नको. छंद आहेत, माणसं हवी आहेत.

---

तिसरा मजला:

रानवाट ताई, नोकरीपायी मी बरीच शहरं बदलली आहेत आणि मीही पीत नाही. त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत. थोडं लांबेल, वाचा.

शहराच्या माहितीत लोक महोत्सव, प्रदर्शनं, मोठे कार्यक्रम बघतात. मी ते पान बघतच नाही. महोत्सवात हजारो माणसं असतात आणि त्यांतलं एकही पुन्हा दिसत नाही. मी शोधतो ते असं: मंगळवारी संध्याकाळी सात वाजता या शहरात काय काय चालू असतं, आणि पुढच्या मंगळवारी तीच माणसं तिथे पुन्हा येतात का.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुमच्याच परिस्थितीतल्या माणसांवर आहे. नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांना त्यांनी विचारलं, की नव्या ओळखीच्या माणसाबरोबर तुमचा किती वेळ गेला आणि नातं कुठवर आलं. निघालं ते असं: नुसत्या ओळखीचं वरवरच्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास लागतात, ‘हा माझा मित्र’ असं म्हणण्याइतपत यायला ९० च्या आसपास, आणि जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. शिवाय कामाच्या ठिकाणी सोबत घालवलेल्या तासांचा उपयोग त्या मानानं कमी होतो.

आता हिशोब मांडा. आठवड्यातून एकदा दोन तास भेट झाली तर ५० तास भरायला सहा महिने, आणि २०० तासांना जवळजवळ दोन वर्षं. म्हणजे महिन्यातून एकदा होणाऱ्या पुस्तकगटाच्या जोरावर शहर निवडू नका. तो गट कितीही चांगला असला तरी ५० तासांना दोन वर्षं जातील. आठवड्याला दोनदा जाता येईल असं काही हवं. आणि ते संपल्यावर लोक लगेच पांगतात की अर्धा तास तिथेच रेंगाळतात, हेही बघा. माझ्या अनुभवात मैत्री त्या रेंगाळण्यातच होते.

बारकडे हेच आयतं असतं, हे मान्य करायला हवं. तेच टेबल, तीच माणसं, ठरलेला दिवस, न सांगता गेलं तरी चालतं. रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये घर आणि कामाच्या पलीकडच्या या तिसऱ्या जागेबद्दल लिहिलं तेव्हा त्यात बार होते, तशी कॅफे, केशकर्तनालयं आणि पुस्तकांची दुकानंही होती. तुम्हाला हवी आहे बारची नियमितता, पेल्याशिवाय. ती देणारी शहरं आहेत.

हेलसिंकी घ्या. तिथलं ओडी हे मध्यवर्ती ग्रंथालय डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर, संगीताचे स्टुडिओ, खेळायच्या खोल्या असं सगळं आत आहे, आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. आत जायला, बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. तुम्ही शिवणकाम करता म्हणून मुद्दाम सांगतो. पण नुसती इमारत बघून भुलू नका. ग्रंथालयात दिवसभर बसून एकाही माणसाशी न बोलता घरी येता येतं. तिथल्या कार्यक्रमांचं वेळापत्रक उघडा. हेलसिंकीच्या ग्रंथालयांत ‘भाषा कॅफे’ भरतात, फिनिश शिकणारे लोक ठरलेल्या वेळी येऊन गप्पा मारतात. नवख्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण तिथे प्रत्येकालाच बोलायचं असतं आणि प्रत्येकाचंच चुकत असतं.

बर्लिनमध्ये हेच काम फोल्क्सहोखशूलं करतात, म्हणजे प्रौढांसाठी सरकारी मदतीवर चालणाऱ्या वर्गांच्या शाळा. शहराचे १२ जिल्हे आणि प्रत्येकात एक. भाषा, कुंभारकाम, शिवण, नाच, सगळं परवडणाऱ्या शुल्कात. वर्ग सत्रभर चालतो, म्हणजे तीच दहा-बारा माणसं आठवड्यामागून आठवडे. याखेरीज जर्मनीत नोंदणीकृत मंडळं सहा लाखांच्या घरात आहेत. बुद्धिबळापासून मधमाश्यांपर्यंत कशाचंही मंडळ असतं, आणि नवं काढायचं तर नोंदणीला सात माणसं पुरतात.

एक सावधगिरी. ‘धावण्याचा गट’, ‘भटकंतीचा गट’ असं नाव असलं म्हणजे दारू नसेल असं समजू नका. हॅश हाउस हॅरियर्स हे धावण्याचं जाळं १९३८ मध्ये क्वालालंपूरला सुरू झालं आणि आता जगभर पसरलंय. धावणं खरं, पण शेवटी बिअर हा त्यांच्या रिवाजाचाच भाग आहे, आणि ते तसं उघडपणे सांगतातही. म्हणून प्रत्येक गटाचे जुने फोटो बघा. कार्यक्रम संपल्यानंतरचा फोटो शोधा आणि लोकांच्या हातांत काय आहे ते बघा. त्यांच्या माहितीपत्रकातून जे कळत नाही ते या एका फोटोतून कळतं.

आणि हे सगळं घरापासून किती लांब? १९५० मध्ये फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मैत्री कुणाशी झाली हे बरंचसं दारं किती जवळ आहेत आणि जिने कुठे आहेत यावरून ठरत होतं. पाऊण तास प्रवास असेल तर दमलेल्या संध्याकाळी तुम्ही जाणार नाही. घर शोधताना आधी वर्गाची जागा नकाशावर खुणेनं दाखवा आणि मग भाड्याची घरं बघा.

---

खर्जातला:

तिसरा मजला यांनी जवळपास सगळं सांगितलं, पण तुमच्या प्रश्नात ‘लहानपणी गाणं शिकले होते’ हे वाचून राहवलं नाही. मी समूहगायनात खालच्या पट्टीत गातो, सुमार आवाजाचा माणूस आहे, आणि तरीही सांगतो: गायनसमूह असलेलं शहर बघा.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्यानं सुरू झालेल्या वर्गांची तुलना केली. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच गटांत जवळीक सारखी आली होती. पण सुरुवातीच्या आठवड्यांत गाणारे बाकीच्यांच्या कितीतरी आधी एकमेकांच्या जवळ आले. नव्या शहरातले पहिले दोन महिनेच तर जिवावर येतात, आणि नेमका तोच काळ गाण्यानं सोपा होतो. कारण मला तरी साधं वाटतं. बाजूच्या माणसाचं ऐकल्याशिवाय गाता येत नाही, आणि ओळख नसतानाही दोन तास त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहता येतं. काय बोलायचं हा प्रश्न मध्यंतरापर्यंत येतच नाही, आणि तेव्हा बोलायला विषय असतो: मघाची ती ओळ कुणालाच नीट जमली नाही.

हेलसिंकीचा विचार करताय तर समोरच्या किनाऱ्यावरचं टॅलिन, म्हणजे एस्टोनियाची राजधानी, तेही यादीत घ्या. बोटीनं दोन-अडीच तासांवर आहे. एस्टोनियाचा गीतमहोत्सव १८६९ मध्ये टार्टूत सुरू झाला, आता साधारण दर पाच वर्षांनी टॅलिनमध्ये भरतो आणि हजारो गायक एका मंचावर एकत्र गातात. वर तिसरा मजला म्हणाले की महोत्सव बघू नका. त्यात मी एवढीच भर घालीन की या महोत्सवामागे गावोगावचे समूह वर्षानुवर्षं दर आठवड्याला तालीम करत असतात. ती तालीम तुमच्या कामाची.

निवड-चाचणी न घेणारे समूह शोधा. असतात, आणि पुष्कळ असतात.

---

पहाटफेरी:

बोगोटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. काही काळ तिथे राहिले आहे.

दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शहरातले १२० किलोमीटरहून जास्त रस्ते गाड्यांना बंद असतात. याला सिक्लोव्हिया म्हणतात, १९७४ पासूनची गोष्ट. सायकली, स्केट, चालणारे, बाबागाडी ढकलणारे, कुत्री, सगळे रस्त्यावर. उद्यानांत फुकट व्यायामनृत्याचे वर्ग चालतात, एक जण मंचावर आणि खाली शेकडो लोक. कुणी तुम्हाला कोण म्हणून विचारत नाही, घुसायचं आणि नाचायचं. चालायला आवडणाऱ्या माणसाला रविवार इतका मोकळा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

पण तुम्ही मैत्रीबद्दल विचारताय, म्हणून खरं ते सांगते: सिक्लोव्हियात आनंद मिळतो, ओळखी आपोआप होत नाहीत. मी एकाच उद्यानातल्या एकाच वर्गाला, मंचाच्या डाव्या हाताला उभी राहायचे, तेव्हा कुठे तिसऱ्या-चौथ्या रविवारी बाजूच्या बायका मान हलवायला लागल्या आणि मग पाणी, मग गप्पा. जागा बदलत राहिले असते तर वर्षभर अनोळखीच राहिले असते. आणखी दोन गोष्टी. शहर २,६०० मीटर उंचीवर आहे, पहिले काही दिवस जिना चढतानाही धाप लागते. आणि अंधार पडल्यावर एकटीनं पायी फिरणं मी टाळायचे. माझं सगळं समाजजीवन उजेडातलं होतं. मला ते मानवलं. तुमचं काम संध्याकाळी उशिरा संपत असेल तर विचार करा.

दुसरं, बर्लिन किंवा हेलसिंकीला गेलात तर पार्करन बघा. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावणाऱ्यांनिशी सुरू झालेली ही दर शनिवारची पाच किलोमीटरची फेरी आता वीसहून अधिक देशांत चालते, जर्मनी आणि फिनलंडमध्येही. फुकट आहे आणि चाललं तरी चालतं, सगळ्यांत शेवटी चालायला एक स्वयंसेवक मुद्दाम ठेवलेला असतो. पण माझं ऐकाल तर धावायला जाऊ नका, स्वयंसेवक म्हणून जा. धावणारा अर्ध्या तासात घरी जातो. वेळ नोंदणारी, शेवटी क्रमांकाची टोकनं वाटणारी माणसं आधी येतात, शेवटपर्यंत थांबतात, आवराआवर एकत्र करतात. त्यांना तुमचं नाव दुसऱ्या आठवड्यात पाठ झालेलं असतं.

---

गल्लीबोळ:

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. तुम्ही शहरांची तुलना करताय, पण माणूस शहरात राहत नाही, एका रस्त्यावर राहतो. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांसारखे तीन रस्ते निवडले, फरक फक्त वाहतुकीचा. दिवसाला २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर राहणाऱ्यांचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. शहर तेच, हवा तीच, घरंही तशीच.

म्हणून बर्लिन चांगलं की हेलसिंकी, यावर डोकं शिणवण्यापेक्षा घराच्या जाहिरातीतला पत्ता नकाशावर टाका आणि संध्याकाळी सहा वाजता तिथे काय दिसेल ते बघा. गाड्यांची रांग, की बाकावर बसलेली माणसं? बर्लिनमध्ये टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून ते मैदान लोकांसाठी खुलं आहे. ३०० हेक्टरांच्या आसपास मोकळी जागा, धावपट्टीवर पतंग, सायकली, सामुदायिक बागांचे वाफे. तिथे बांधकाम करायचा बेत होता, तो २०१४ च्या सार्वमतात नागरिकांनी हाणून पाडला. ज्या शहरातली माणसं मोकळ्या मैदानासाठी मतदानाला बाहेर पडतात, तिथे माणसांना घराबाहेर एकत्र असणं आवडतं, असा मी अर्थ काढतो. त्या मैदानापासून दहा मिनिटांवर घर मिळालं तर बर्लिन घ्या. तेच बर्लिनमध्ये हमरस्त्यावर, चौथ्या मजल्यावर मिळत असेल तर सोडून द्या.

---

रानवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. तासांचा हिशोब वाचून मन हलकं झालं. इतके दिवस वाटायचं माझ्याच स्वभावात काही कमी आहे. आता दिसतं की इथे मी कुणाबरोबरच एकूण पन्नास तासही शुद्धीत घालवलेले नाहीत.

बोगोटा आत्तापुरतं बाजूला ठेवते, तिथल्या वेळेनं माझं काम संध्याकाळी उशिरापर्यंत चालेल. हेलसिंकीकडे कल आहे. दोन शंका. एक, फिनिश अजिबात येत नाही. दोन, डिसेंबरमध्ये तिथे सहा तासांहूनही कमी उजेड असतो म्हणतात. त्या अंधारात लोक घराबाहेर पडतात का, की सगळं उन्हाळ्यापुरतंच?

---

तिसरा मजला:

भाषेचं उत्तर शिवणयंत्र. हात कामात असले की तुटकं बोलूनही दोन तास छान जातात. ‘हे कसं केलंस’ एवढं दाखवता आलं तरी पुरतं. नुसत्या गप्पांच्या गटात मात्र भाषा न येणारा माणूस कोपऱ्यात पडतो, म्हणून सुरुवात तिथून करू नका. भाषा कॅफेचा अपवाद.

अंधाराबद्दल मी सांगून पटणार नाही, स्वतः जाऊन बघा. कायमचं जाण्याआधी महिनाभरासाठी जा, आणि जायचं तर नोव्हेंबरमध्ये जा. जूनमध्ये प्रत्येक शहर मनमिळाऊ वाटतं. नोव्हेंबरच्या ओल्या मंगळवारी सात वाजता जो वर्ग भरलेला असेल, तो वर्षभर भरलेला असणार. पोहण्याचे तलाव आणि सौना, म्हणजे घाम काढायला बसायच्या तापलेल्या खोल्या, याही बघून घ्या. फिनलंडच्या सौना-परंपरेला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आणि थंडीत माणसं एकत्र बसण्याची ती तिथली नेहमीची जागा आहे. सार्वजनिक सौनात काही ठिकाणी बिअर मिळते. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावांतल्या सौनांपासून सुरुवात करा.

---

रानवाट:

ठरलं मग, नोव्हेंबर. घर ग्रंथालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर बघते आहे. ‘खर्जातला’, चाचणी न घेणारे समूह हुडकायचे कसे, तेवढं सांगाल का? संकेतस्थळांवर सगळे ‘नव्या सदस्यांचं स्वागत’ म्हणतात.

---

खर्जातला:

पत्र लिहून दोनच गोष्टी विचारा: स्वरलेखन वाचता येत नसेल तर चालेल का, आणि एका तालमीला नुसतं येऊन बसता येईल का. दोन्हीला हो म्हणणारा समूह तुमचा. हेलसिंकीत प्रौढ शिक्षणाची नगरपालिकेची संस्था आहे, त्यांच्या वर्गांच्या यादीत गाण्याचेही वर्ग असतात, तिथूनही बघा. फक्त शरद सत्राची नावनोंदणी उन्हाळ्याच्या शेवटी होते आणि चांगले वर्ग लवकर भरतात. नोव्हेंबरमध्ये पोहोचून नाव घालायचं म्हटलंत तर जागा मिळणार नाही. ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा.